२३ नंबर: लवकर गेलेल्या वर्गमित्राची आठवण कशी ठेवावी

आमच्या दहावीच्या हजेरीत तो २३ नंबरला होता. त्याचं नाव इथं येणार नाही. त्याच्या मायनं बजावून ठेवलंय, "माह्या पोराचं नाव त्या मोबाइलवर नोको टाकू बापू, लोक कायबी लिवतात." म्हणून लेखभर तो २३ नंबरच. तसंही वर्गात एकाच नावाचे तिघं होते, सर नंबरानंच हाक मारायचे.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, दहावीत ४१ पोरं-पोरी. पुढं कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणी नागपूरला, मुली सासरी. तो वावरात राहिला. तिशी गाठायच्या आतच गेला. त्याच्यामागं आम्ही बरंच काही केलं आणि त्यातलं निम्मं चुकलं. नंतर आजूबाजूच्या गावांतल्या बॅचवाल्यांचे फोन यायला लागले, की आमच्याही वर्गातलं एक पोरगं गेलं, तुम्ही काय केलं होतं? त्यांना जे सांगत आलो तेच इथं क्रमानं लिहितो.

पहिल्या दिवशी: हात मोबाइलपासून लांब

आमची सगळ्यात मोठी चूक पहिल्या तासातली. त्याची बहीण सासरहून एसटीनं निघाली होती. घरच्यांनी तिला "भाऊ सिरियस आहे, लवकर ये" एवढंच सांगितलं होतं. आमच्यातल्या एकानं हार घातलेला फोटो स्टेटसला टाकला आणि तिनं तो बसमध्ये पाहिला. दीड तासाचा रस्ता बाकी होता. कंडक्टरनं तिला पुढच्या सीटवर बसवून पाणी पाजलं, हे तिनंच आम्हाला नंतर सांगितलं. रागावली नाही, ते जास्त लागलं.

म्हणून पहिलं काम: वर्गातल्या एकानं, आणि एकानंच, घराशी संपर्क ठेवायचा. थेट आईबापाला फोन करायचा नाही. चुलतभाऊ, शेजारी, भाचा असा कोणीतरी गाठायचा आणि विचारायचं की घरातल्या सगळ्यांना कळलं का, मुली पोचल्या का. तिकडून हो आलं की ग्रुपवर साध्या अक्षरांत दोन ओळी: कोण गेलं, माती किती वाजता. फोटो नाही आणि कारणही नाही. जो बाहेरगावी आहे त्यानं निघायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं. "कोण कोण येतंय?" अशी हजेरी ग्रुपवर घेऊ नका, न येणाऱ्याला उगाच खुलासे द्यावे लागतात.

कारणाबद्दल आणखी थोडं. आपल्या भागात तरणं पोरगं गेलं की पारावर पहिला प्रश्न "कायनं गेलं?" हाच असतो. साप, वीज, अपघात, आजार, कर्ज, औषध पिणं, लोक सगळे अंदाज लावतात. वर्गमित्रांनी या चर्चेत एक शब्दही टाकू नये. आत्महत्या असेल तर ती कशी केली हे कुठंच लिहू-बोलू नये, आणि "एवढ्याशासाठी?" असंही म्हणू नये. ग्रुपमधला एखादा त्या दिवसांत गप्प झालेला दिसला, रात्री-बेरात्री विचित्र मेसेज टाकू लागला, तर त्याच्या घरी जाऊन बसा. मन खचलेल्यांसाठीच्या टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवा. आम्ही ठेवलाय.

तेरवीपर्यंत: कागद

आठवण ठेवण्याचा लेख आणि मध्येच कागदपत्रं कुठून आली, असं वाटेल. पण माझ्या मते वर्गमित्राला करता येण्यासारखं याहून मोठं काम नाही. घरातले सुन्न असतात आणि मुदती चालू असतात. वर्गात कोणी ना कोणी शिक्षक, बँकेत, सेतू केंद्रावर किंवा तलाठी ऑफिसात असतोच. हे काम त्याचं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झालेली हवी. दाखल्याच्या सात-आठ प्रती काढून ठेवा, जागोजाग लागतात. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हा घोळ हमखास निघतो. शाळा आपल्या ओळखीची, त्यामुळे वारसाचा अर्ज घेऊन शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत आपण काढून देऊ शकतो.

मग पासबुक. सगळी खाती घ्या आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा. जून २०२२ च्या आधीच्या नोंदी ३३० आणि १२ अशा असतात. पहिल्यात मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी २ लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. कित्येक घरांना आपल्या पोराचा विमा होता हेच माहीत नसतं. तो गेला त्या वर्षाचा हप्ता कापला गेला होता का, एवढं मात्र नीट पाहा. जनधन खात्यावर रुपे कार्ड असेल तर त्याचंही बँकेत विचारा.

शेतकरी असेल आणि मृत्यू साप चावून, वीज पडून, विजेच्या धक्क्यानं किंवा रस्त्यावरच्या अपघातात झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल बहुतेक वेळा लागतो, म्हणून "आता कायले चिरफाड" असं म्हणून ते टाळू देऊ नका. त्या घडीला हे बोलायला जीव धजत नाही, तरी कोणीतरी बोलावंच लागतं. आत्महत्येला ही योजना लागू नाही. तिच्यासाठी वेगळी १ लाखाची मदत आहे आणि ते प्रकरण पात्र की अपात्र ते तहसीलमार्फत जिल्हा समितीपुढं ठरतं. फेसबुकवर कोणी मित्र कारण लिहून मोकळा झाला तर पुढं या कागदांत काय काय गुंतू शकतं, ते आता लक्षात आलं असेल.

फाइल एका प्लास्टिक पिशवीत, वर यादी चिकटवून, घरातल्या शिकलेल्या बाईच्या हातात द्या. आमच्याकडं ती त्याची बायको होती, आणि पुढची सगळी ऑफिसं तिनंच केली.

घरी जाणं

तेरवीला सगळे जातात. खरं जाणं त्यानंतरचं, महिन्या-दीड महिन्यानं, पाहुणे ओसरल्यावर. दोघं-तिघंच जा आणि त्यात वर्गातली एक तरी मुलगी असू द्या. माय आत चुलीपाशी बसलेली असते. तिथं पोरांना बसता येत नाही, मुलीला येतं.

आम्ही गेलो तेव्हा काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत होतो. आत गेल्यावर सगळं विसरलो. काकाजी खाटेवर बसून होते, बोलले नाहीत. चहा आला. मग आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "काकू, त्याच्या डब्यात भुरका असायचा ना, तो आम्ही सगळे मिळून खाऊन टाकायचो अन् तो कोरडी भाकर खायचा." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "म्हूनच घरी आल्यावर भुरका मांगे! मले वाटे, एवढा भुरका जाते कुठी." त्यानंतर तासभर त्याच बोलत होत्या.

एवढंच करायचं असतं. एक खरी, लहान, खाण्यापिण्याची किंवा खोडीची गोष्ट घेऊन जायची. "देवाची मर्जी", "चांगली माणसं लवकर जातात", हे त्यांनी तेरा दिवस ऐकलेलं असतं.

त्याच किंवा पुढच्या भेटीत तीन परवानग्या घ्या: नाव कुठं लिहायचं, फोटो कोणता वापरायचा, कार्यक्रम केला तर चालेल का. हेच तीन प्रश्न त्याच्या बायकोलाही वेगळे विचारा. सासू-सून एका घरात असल्या तरी उत्तरं वेगळी निघतात आणि बायको माहेरी निघून गेली असेल तर हमखास. दोघींपैकी एकीनं नको म्हटलं की नको. मित्रांचा हक्क त्या दोघींच्या नंतरचा. हे लिहायला सोपं आहे, पाळताना आमच्यातले दोघं रुसले होते.

आठवणी आणि फोटो गोळा करणं

"त्याच्याविषयी दोन शब्द लिहून पाठवा" असं ग्रुपवर टाकलंत की ४१ जणांकडून हात जोडलेल्या चित्रांपलीकडं काही येणार नाही. आपल्याकडं लोक लिहीत नाहीत, सांगतात. तेव्हा आवाजच रेकॉर्ड करा. समोर बसा, कूलर बंद करा (उन्हाळ्यात जिवावर येतं, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर येते), मोबाइल उशीवर ठेवा आणि बारीक प्रश्न विचारा. कोणत्या बाकावर बसायचा? सायकल कोणती होती, चेन पडली की काय करायचा? कोणत्या सरांना भ्यायचा? कोणाचं उसनं घेतलं, कोणाला दिलं? शेवटचं भेटला तेव्हा कुठं उभा होता? "तो कसा होता" या प्रश्नाला सगळे "लय चांगला होता" म्हणतात. "तुझं-त्याचं भांडण कशावरून झालं होतं" म्हटलं की माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो.

मुलींना शोधणं अवघड. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेलं, नंबर नवऱ्याच्या नावावर. त्यांच्या भावामार्फत निरोप द्या आणि नुसतं "बॅचचा कार्यक्रम आहे" न म्हणता काय आहे ते स्पष्ट सांगा, म्हणजे सासरी प्रश्न उरत नाही. आमच्या सगळ्यात चांगल्या आठवणी मुलींकडून आल्या. मागच्या बाकावरच्या पोरांना जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं.

फोटोंचं तंत्र थोडक्यात. जुना फोटो दाराजवळच्या सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल बरोबर वर आडवा धरा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट तिरक्या उजेडात काढा. मागं लिहायचं तर पेन्सिलीनं. मूळ फोटो घरून नेऊच नका, तिथंच काम उरका. दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो कोणाच्या तरी पेटीत असतो, त्यात कोण कुठं उभं आहे त्याची नावं आत्ताच लिहून घ्या. दहा वर्षांनी आपल्यालाही आठवणार नाहीत.

आणि मोबाइल. वापर थांबला की व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवसांनी बंद होतं, आणि रिचार्ज नसलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. हे मला माहीत नव्हतं. वर्षभरानं एका रात्री मी त्याचा नंबर लावला, कशाला लावला ते विचारू नका. पलीकडून बाईचा आवाज आला, "कोन बोलून राह्यलं?" मी फोन ठेवला. त्याच्या आवाजाचे मेसेज तुमच्याकडं असतील तर चॅट उघडून मीडियासकट एक्सपोर्ट करा, स्वतःला ईमेल करा, एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी द्या. मायला न विचारता ऐकवू मात्र नका. आमच्याकडचा एक मेसेज नऊ सेकंदांचा आहे, त्यात तो तुरीचा भाव विचारतो. त्याची बहीण ठेवून आहे, मायनं अजून ऐकलेला नाही.

फेसबुक खात्यावर "स्मरणार्थ" अशी खूण लावून घेता येते, मृत्यूचा पुरावा लागतो. तसं केलं की वाढदिवसाला "शुभेच्छा द्या" म्हणून आठवण येत नाही. पण अर्ज घरच्यांना विचारूनच.

कार्यक्रम, तोही करायचाच असेल तर

तारीख ठरवताना वावर पाहा आणि माहेर पाहा. पेरणीच्या जून-जुलैत कोणी येत नाही. आमचा अनुभव असा की भाऊबीजेचा दुसरा दिवस सगळ्यांत बरा: मुली माहेरी असतात, पुण्याचे गावात असतात. कापूस वेचणी चालू असते, म्हणून वेळ सांजची. पुण्यतिथी तिथीनं की तारखेनं, हे घर ठरवेल. दोन्ही दिवशी करायचा हट्ट नको.

जागा शाळेचं पटांगण. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पाहुणा बोलवू नका. सरपंच, सदस्य, पक्षाचा कोणीही आला तर मागं खुर्चीवर बसेल. आमच्या पहिल्या वर्षीच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो पोस्टकार्डाएवढा आणि खाली "शोकाकुल" म्हणून आमचे ३८ चेहरे गॉगलसकट होते. मायनं त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हे सारे कायनं गेले?" दुसऱ्या वर्षापासून फ्लेक्स बंद.

सुरुवातीला सामुदायिक प्रार्थना, आपल्या भागात ती सगळ्यांना पाठ असते, माइक लागत नाही. मग मौन. मौनाचं आपल्याकडं समजावून सांगावं लागत नाही. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले, आणि गुरुकुंज मोझरीला दर पुण्यतिथीला त्याच मिनिटाला सारा जमाव जागच्या जागी उभा राहतो. तिथं एकदा जाऊन आलेला माणूस दोन मिनिटं मोबाइल काढत नाही. नंतर पाच जण बोलतील, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, नावं आधी ठरलेली. आईवडिलांना मंचावर नाही, पहिल्या रांगेत कडेला बसवा, म्हणजे मध्येच उठून जाता येतं.

कोणीतरी सुचवलं की जुन्या सरांनी हजेरी घ्यावी आणि २३ नंबरला सगळ्यांनी "हजर" म्हणावं. मला ते नाटकी वाटत होतं, पण ठरलं. सरांनी चष्मा लावला, एक-एक नंबर घेत गेले. २३ म्हटलं आणि त्यांचा आवाज गेला. कोणाच्याच तोंडून "हजर" निघेना. मग मागून एक जण, सवयीनं असेल, बोलून गेला, "सर, थो वेचणीले गेला."

दर दिवाळीनंतर शाळेत आम्ही हेच उत्तर द्यायचो. हसू फुटलं, काकाजीही हसले, आणि मग रडणं आलं. पुढच्या वर्षी कोणीतरी तेच पुन्हा करू म्हणालं. नाही केलं. अशी गोष्ट दुसऱ्यांदा होत नाही.

जेवण साधं ठेवा, आलूभात किंवा डाळभाजी-पोळी. पंगतीत माणसं मंचापेक्षा जास्त बोलतात, तेव्हा रेकॉर्डिंगवाल्यानं तिथंच फिरावं.

पैसा आणि मागं राहणारी वस्तू

वर्गणी काढलीत की हिशोब ग्रुपवर, पावतीच्या फोटोसकट. कोणी किती दिले हे नाही, एकूण किती आले आणि कुठं गेले एवढंच.

मुलं लहान असतील तर पैसा आधी तिकडं. मुलगी १० वर्षांच्या आतली असेल तर तिच्या आईला पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडायला लावा. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, १५ वर्षं. आमच्यातले २२ जण वर्षाला ५०० देतात म्हणजे ११,००० होतात आणि कोणालाच जड जात नाहीत. एकदम लाखभर हातात देण्यात मोठेपणा दिसतो, पण ते पैसे नातेवाइकांच्या नजरेत येतात, हेही आम्ही पाहिलं.

शाळेत बक्षीस ठेवायचं तर मुदत ठेव मुख्याध्यापक या पदाच्या नावानं करा, व्यक्तीच्या नाही, आणि अट लेखी द्या. साडेसहा टक्के व्याज धरलं तर ५०,००० वर वर्षाला ३,२५० येतात, एका मुलाची वह्या-दप्तराची सोय होते. पहिल्या नंबरासाठी ठेवू नका. आमचा गडी कधी पहिल्या वीसातही नव्हता. वेचणीच्या दिवसांत बुडालेला अभ्यास जो भरून काढेल त्याला किंवा तिला, अशी अट त्याच्या बहिणीनं सुचवली आणि वर्गशिक्षक नाव ठरवतात. वस्तू दिलीत, कपाट किंवा पाण्याची टाकी, तर ती शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवून घ्या. नाहीतर साहेब बदलले की वस्तूही हलते.

झाड लावण्यात फसगत फार. खड्डा मे महिन्यात, दोन फूट लांब-रुंद-खोल, उन्हात तापू द्यायचा. चांगला पाऊस झाला की माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत. कडुनिंब, चिंच, करंज घ्या. गुलमोहर दिसायला छान, पण वादळात मोडतो. भोवती बोराटीचं कुंपण, बकऱ्या लोखंडी जाळीतूनही तोंड घालतात. आता खरी मेख: आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडते. पारा ४५ ला असतो तेव्हा शाळेला कुलूप असतं आणि झाडाला पाणी घालायला कोणी नसतं. आमचा पहिला निंब असाच वाळला, आणि त्याच्या नावाची पाटी मात्र वर्षभर उभी राहिली. मायला शाळेवरून जाताना ती दिसायची. दुसऱ्या वेळी पाटी लावलीच नाही. बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातलेलं मडकं खोडाशेजारी गाडलं, गावातल्या दोघांनी आठवड्यातून दोनदा ते भरायचं, दोन उन्हाळे. आता निंब छपराच्या वर गेलाय.

दरवर्षीचं

पुण्यतिथीला सगळेच फोन करतात. पण घराला सगळ्यात जड जाणारा दिवस तोच असेल असं नाही, तो घरात विचारून घ्या. कोणाकडं राखी असते, कोणाकडं अक्षय तृतीयेची घागर. २३ नंबरच्या घरी तो दिवस पोळ्याचा. बैल सजवण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हता, सकाळपासून शिंगं रंगवायचा. तो गेल्यावर बैलजोडी विकली, नांगरटी ट्रॅक्टरवर गेली आणि पोळ्याच्या दिवशी ते घर दुपारीच दार लावून घ्यायला लागलं.

म्हणून आमच्यात पाळी आहे. दर पोळ्याला दोघं जातात, पाळीची यादी पाच वर्षांची करून ठेवली आहे, ज्याला जमत नाही त्यानं बदली द्यायची. जाताना काही न्यायचं नाही, दुपारी जेवायला जायचं, पुरणपोळी केली असेल तर नको म्हणायचं नाही. यंदा पाळी माझी आणि त्या भुरकावालीची. परवा काकूंना फोन केला तर म्हणाल्या, त्याच्या बैलाची झूल धुवून वाळू घातली आहे, आरसे दोन-चार पडलेत, येताना सुई आणि जाड दोरा घेऊन ये. शेजारच्या पोराची जोडी आहे, त्याला घालायची म्हणतात.